शिकण्यासाठी वेबसाइट: कोणती, कोणत्या कामाला, आणि कशी वापरायची

पन्नास शैक्षणिक वेबसाइटची यादी ग्रुपवर येते, पालक ती जपून ठेवतात, शिक्षक पुढे पाठवतात, आणि आठवड्याभरात ती कुणी उघडतही नाही. यादीत वेबसाइटवर काय काय आहे ते असतं, पण मुलाने तिथे जाऊन नेमकं काय करायचं ते नसतं. म्हणून आधी काम ठरवा आणि मग त्या कामासाठी एकच जागा निवडा.

शिकताना कामं मोजकीच असतात: सराव करणं, एखादी संकल्पना हाताळून बघणं, स्वतः काहीतरी बनवणं, वाचणं, आणि माहिती खरी आहे का ते तपासणं. एका वेळी यातली दोन कामं घ्या. तीनच्या पुढे गेलात तर पासवर्ड शोधण्यातच वेळ जातो.

मुलाच्या हाती देण्याआधीची दहा मिनिटं

कोणतीही वेबसाइट आधी स्वतः विद्यार्थी होऊन वापरा. पहिल्या पानावरची स्तुती वाचून काही कळत नाही, एक धडा पुरा करून कळतं.

१. खातं न काढता उघडा. काहीही दाखवण्याआधी ईमेल, फोन नंबर किंवा मुलाची जन्मतारीख मागत असेल, तर का मागते हे आधी शोधा.

२. एक धडा सोडवताना मुद्दाम चुकीचं उत्तर द्या. सर्वांत जास्त माहिती इथे मिळते. फक्त लाल फुली आली तर ती परीक्षा घेणारी वेबसाइट आहे. चूक कुठे झाली ते पायरीपायरीने दाखवलं तर ती शिकवणारी आहे.

३. तेच चुकीचं उत्तर पुन्हा पुन्हा द्या. तीन-चार पर्याय दाबत गेल्यावर बरोबर उत्तर आपोआप सापडत असेल आणि गुणही मिळत असतील, तर मूल ते दुसऱ्याच दिवशी ओळखेल.

४. वेबसाइट कोण चालवतं ते बघा. विद्यापीठ, ना-नफा संस्था, सरकारी संस्था की खासगी कंपनी? खासगी कंपनी असणं वाईट नाही, पण फुकटचा भाग कुठे संपतो हे आधी माहीत हवं.

५. घरी जो फोन वापरला जाणार आहे त्याच फोनवर उघडा. मोठ्या पडद्यावर छान दिसणारी कितीतरी पानं छोट्या पडद्यावर बटणंच दाखवत नाहीत.

जुन्या याद्यांमधून वेबसाइट घेत असाल तर एक अडचण हमखास येते. ॲडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश या ब्राउझरमध्ये खेळ आणि ॲनिमेशन चालवणाऱ्या तिच्या सॉफ्टवेअरचा आधार बंद केला, आणि त्यावर चालणारे असंख्य शैक्षणिक खेळ रिकामी चौकट दाखवू लागले. 'फ्लॅश प्लेअर इन्स्टॉल करा' असं सांगणारं पान दिसलं तर काहीही इन्स्टॉल न करता ते बंद करा. आज त्या नावाने मिळणारी फाइल बहुतेक वेळा घातकच असते.

सराव: खान अकॅडमी

सलमान खान (अभिनेते नव्हेत, अमेरिकेतले शिक्षक) यांनी २००४ मध्ये नात्यातल्या मुलीला दुरून गणित शिकवायला सुरुवात केली, त्यातून २००८ मध्ये ही ना-नफा संस्था उभी राहिली. धडे आणि सराव मोफत आहेत, जाहिराती नाहीत. गणितासाठी इतकं सलग रचलेलं काम दुसरीकडे क्वचितच मिळतं.

मूल ज्या इयत्तेत आहे तोच अभ्यासक्रम उघडून देणं ही इथली नेहमीची चूक. सातवीतल्या मुलाला समीकरणं जड जातात तेव्हा खरी अडचण अनेकदा पाचवीच्या अपूर्णांकांत असते. म्हणून एक-दोन इयत्ता खालचा अभ्यासक्रम उघडा आणि त्यातली 'कोर्स चॅलेंज' ही चाचणी द्यायला सांगा. तीस प्रश्न असतात, एका बैठकीत झालेच पाहिजेत असं नाही. पाया कुठे कच्चा आहे ते निकालातून घटकवार दिसतं. सुरुवात तिथून करा.

दुसरी चूक म्हणजे व्हिडिओ बघत राहणं. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर चित्र उलटतं: ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं ते पुढे जातात. म्हणून क्रम बदला. आधी सरावाचे प्रश्न घ्यायचे, अडलं तरच व्हिडिओ बघायचा, आणि व्हिडिओ संपल्यावर तोच सराव पुन्हा करायचा.

सोडवताना कागद-पेन हवंच. पडद्याकडे बघून मनातल्या मनात केलेली आकडेमोड चुकते आणि चूक कुठे झाली याचा मागही राहत नाही. मुलांना हेही आधी सांगून ठेवा की 'हिंट' घेतली की तो प्रश्न बरोबर धरला जात नाही. हे माहीत नसलं की 'उत्तर बरोबर होतं तरी गुण का नाहीत' म्हणून मुलं चिडतात.

शिक्षकांनी शिक्षक म्हणून खातं काढावं, वर्ग तयार करावा आणि मिळालेला वर्ग-कोड मुलांना द्यावा. गृहपाठ देताना अख्खा घटक न देता दोन सराव आणि एक तारीख द्या. अहवालात एकूण टक्केवारीपेक्षा कोणत्या प्रश्नावर बहुतेकांची गाडी अडली ते आधी बघा. दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्यायचं उदाहरण तेच.

भावंडांना एकच खातं देऊ नका. दोघांची प्रगती एकमेकांत मिसळते आणि ती पुढे वेगळी करता येत नाही.

हाताळून बघणं: फेट आणि जिओजेब्रा

फेट हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचा प्रकल्प. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये तो सुरू केला. पत्ता आहे 'पीएचईटी डॉट कोलोराडो डॉट ईडीयू'. इथे भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र आणि भूशास्त्राची आभासी प्रयोगशाळा आहे, खातं न काढता चालते, आणि अनेक प्रयोग मराठीतही आहेत.

नुसतं 'जा, खेळून बघ' म्हटलं तर मूल पाच मिनिटं सरकपट्ट्या मागेपुढे करतं आणि कंटाळतं. फेटला प्रश्न द्यावा लागतो, आणि प्रयोगाआधी अंदाज लिहून घ्यावा लागतो. अंदाज चुकला की मूल विचार करू लागतं. दोलकाच्या प्रयोगावर हे नीट करून बघता येतं.

'पेंड्युलम लॅब' उघडा आणि 'लॅब' हा भाग निवडा. घर्षण शून्यावर ठेवा. आता वहीत तीन प्रश्नांचे अंदाज लिहायचे: गोळ्याचं वस्तुमान दुप्पट केलं तर दोलनकाल (एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ) वाढेल, घटेल की तोच राहील? लांबी चौपट केली तर? गोळा जास्त कोनातून सोडला तर?

लांबी १ मीटर ठेवा, गोळा १० अंशांवर नेऊन सोडा. कालमापक सुमारे २.०१ सेकंद दाखवेल. वस्तुमान बदला, आकडा हलत नाही. बहुतेकांचा पहिला अंदाज इथेच कोसळतो. आता लांबी ०.२५ मीटर करा, म्हणजे चौथा भाग. वेळ चौथ्या भागावर न येता निम्म्यावर येते, सुमारे १ सेकंद. मधल्या लांबी घ्या: ०.३६ मीटरला १.२१ सेकंद, ०.६४ मीटरला १.६१ सेकंदांच्या आसपास. दोलनकालाचा वर्ग करून त्याला लांबीने भागा. प्रत्येक वेळी साधारण ४ येतो. सूत्र न सांगता मुलं सूत्रापर्यंत पोहोचतात.

आता कोन. १० अंशांऐवजी ९० अंशांवरून सोडलं की १ मीटरच्या दोलकाचा काल जवळपास २.३७ सेकंद होतो. 'दोलनकाल आयामावर अवलंबून नसतो' हे वाक्य पाठ केलेल्या मुलांना हे विचित्र वाटतं. ते वाक्य लहान कोनांपुरतंच खरं आहे, आणि हे डोळ्यांनी दिसणं फार मोलाचं आहे. शेवटी कोन पुन्हा १० अंशांवर आणा आणि गुरुत्व चंद्राचं निवडा, काल पाच सेकंदांच्या जवळ जातो. मग 'प्लॅनेट एक्स' निवडून त्या ग्रहावरचं गुरुत्व मुलांनाच काढायला सांगा: ३९.५ ला (म्हणजे पायच्या वर्गाच्या चौपटीला) लांबीने गुणा आणि दोलनकालाच्या वर्गाने भागा. हा एवढा एक तास नीट झाला तर दहा व्हिडिओंपेक्षा जास्त हाती लागतं.

विद्युतमंडलाच्या प्रयोगातही असाच एक हमखास प्रश्न आहे. दिव्याच्या आधी आणि नंतर अमीटर लावला तर कुठे जास्त धारा दिसेल? 'दिवा थोडी वीज वापरतो, म्हणून नंतर कमी' हा अंदाज मोठ्या वर्गांतही येतो. अमीटर दोन्हीकडे तोच आकडा दाखवतो. दिवा धारा खात नाही, ऊर्जा घेतो. ते बघायचं तर व्होल्टमीटर दिव्याच्या दोन टोकांना लावायचा. त्याच प्रयोगात बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली की आग दिसते. ती बघून मुलं खऱ्या बॅटरीवर तेच करून बघणार नाहीत ना, याची खबरदारी घ्या.

आभासी प्रयोगाने खरा प्रयोग टाळू नये. दोरा आणि दगड घेऊन केलेल्या दोलकात घर्षण असतं, मोजण्यात चूक होते, आणि विज्ञानात त्या चुकीलाही अर्थ असतो. आधी खरा दोलक, दहा दोलनांचा वेळ मोजून दहाने भागायचा, मग फेट. उलट क्रमाने केलं तर खरा प्रयोग मुलांना 'बिघडलेला' वाटू लागतो.

भूमितीसाठी जिओजेब्रा. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात सुरू केलेलं हे साधन. इथे एक कसोटी लक्षात ठेवा: बिंदू ओढून बघणं. मुलाला समभुज त्रिकोण काढायला सांगितला की ते बहुभुजाचं साधन घेऊन नजरेने काढतं. त्याचा एक बिंदू ओढा, त्रिकोण मोडतो. आता 'अ' आणि 'ब' हे दोन बिंदू घ्या. 'अ' केंद्र धरून 'ब' मधून जाणारं वर्तुळ काढा, मग 'ब' केंद्र धरून 'अ' मधून जाणारं. दोन्ही वर्तुळं जिथे छेदतात तो 'क'. आता कोणताही मूळ बिंदू कितीही ओढला तरी त्रिकोण समभुजच राहतो. का राहतो, याचं उत्तर मुलाने दोन वाक्यांत लिहिलं की ती सिद्धताच झाली. आलेख काढायचे असतील तर डेसमॉसची आलेखवही जास्त सुटसुटीत आहे.

बनवणं: स्क्रॅच

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून २००७ मध्ये आलेलं स्क्रॅच साधारण ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे. ५ ते ७ वर्षांच्या मुलांना स्क्रॅच ज्युनिअर द्या. त्यात वाचता येण्याची गरज नाही.

शिकवणीतला व्हिडिओ थांबवत थांबवत ठोकळे जसेच्या तसे जोडले की प्रोग्रॅम चालतो, पण तो मुलाचा नसतो. त्याऐवजी चालणारा छोटा प्रकल्प घ्या आणि एक बदल मागा: चेंडू भिंतीला लागल्यावर वेग वाढला पाहिजे, किंवा तीन वेळा चुकल्यावर खेळ संपला पाहिजे. बदल करण्यासाठी आधीचे ठोकळे वाचावे लागतात, आणि प्रोग्रॅमिंग तिथे सुरू होतं.

खात्याचं नाव मुलाचं खरं नाव, शाळा किंवा जन्मवर्ष ठेवू नका. प्रकल्प 'शेअर' केल्याशिवाय इतरांना दिसत नाही. ती अवस्था सुरुवातीला तशीच राहू द्या. इंटरनेट नसेल तर संगणकावर स्क्रॅचचं ॲप टाकून काम करता येतं.

वाचन, आणि शिक्षकांसाठी परवान्यांचा मुद्दा

लहान मुलांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. मराठीसह शेकडो भाषांतल्या चित्रकथा वाचायला आणि उतरवून घ्यायला मोफत आहेत. गोष्टी चार पातळ्यांवर लावलेल्या असतात. पातळी वयावरून ठरवू नका. एक पान मोठ्याने वाचून घ्या आणि पाचापेक्षा जास्त शब्दांवर मूल अडखळलं तर एक पायरी खाली या. एकच गोष्ट दोन भाषांत शेजारी शेजारी उघडून वाचणं ही दुसरी भाषा शिकण्याची फार चांगली रीत आहे.

मोठ्यांसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग, १९७१ पासून चालू असलेला ई-पुस्तकांचा संग्रह. लिब्रिव्हॉक्सवर तशाच स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांची स्वयंसेवकांनी केलेली ध्वनिमुद्रणं मिळतात. पुस्तक आणि आवाज एकत्र लावले तर इंग्रजी उच्चार सुधारतात, मात्र वाचक हौशी असल्याने दर्जा कमी-जास्त असतो. पहिली दोन मिनिटं ऐकून मगच निवडा. महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांसाठी राइस विद्यापीठाचं ओपनस्टॅक्स आणि व्याख्यानांसाठी एमआयटी ओपनकोर्सवेअर. दोन्ही मोफत. ओपनकोर्सवेअरला नोंदणीही लागत नाही, पण तिथे प्रमाणपत्र मिळत नाही हे विद्यार्थ्यांना आधीच सांगा.

शिक्षक वर्गासाठी साहित्य तयार करतात तेव्हा 'मोफत दिसतं' आणि 'वापरायला मोकळं आहे' यात गल्लत होते. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांची अक्षरं वाचायला शिका. 'बाय' म्हणजे कर्त्याचं नाव द्या. 'एसए' म्हणजे तुमचं साहित्यही त्याच अटीवर खुलं करा. 'एनसी' म्हणजे विकू नका. 'एनडी' म्हणजे बदल करून वाटू नका, आणि भाषांतर हाही बदलच. म्हणजे 'एनडी' असलेला धडा मराठीत आणून वाटता येत नाही. स्टोरीवीव्हरच्या गोष्टींना साधारणपणे फक्त 'बाय' लागू असतो, विकिपीडियाला 'बाय-एसए'. कोणतंच चिन्ह नसेल तर सर्व हक्क राखीव आहेत असंच समजा.

तपासणं

माहिती खरी आहे का हे ठरवताना मुलं त्याच पानावर रेंगाळतात: मांडणी छान आहे, शेवटी डॉट ओआरजी आहे, म्हणजे खरं असेल. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांची तुलना केली. तपासनीस अनोळखी पानावर काही क्षणच थांबत आणि लगेच दुसऱ्या टॅबमध्ये त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते शोधत. ही सवय पाचवीपासून लावता येते. पान उघडलं की आधी नवा टॅब, त्यात संस्थेचं नाव, तीन वेगळ्या ठिकाणी काय लिहिलंय ते बघायचं, मग मूळ पानावर परत यायचं. डॉट ओआरजी कुणालाही विकत घेता येतो.

विकिपीडियावर बंदी घालण्यापेक्षा तो वापरायला शिकवणं चांगलं. लेखातल्या वाक्यापुढच्या छोट्या आकड्यावर दाबून तळाच्या संदर्भावर जा आणि तो संदर्भ उघडून बघा. 'इतिहास पहा' मध्ये लेख कधी आणि किती वेळा बदलला ते दिसतं. संदर्भाची लिंक मेलेली असेल तर तिचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाका. जुन्या पानाची साठवलेली प्रत अनेकदा मिळते. चॅटबॉटचं उत्तर संदर्भ म्हणून चालत नाही. त्याने दिलेलं पुस्तकाचं नाव किंवा लिंक खरोखर आहे का, हे उघडून बघितल्याशिवाय वहीत उतरवू नये.

आकड्यांसाठी अवर वर्ल्ड इन डेटा आणि गॅपमाइंडर. कोणताही आलेख वाचण्याआधी उभ्या अक्षावर एकक काय आहे आणि अक्ष शून्यापासून सुरू होतो का, हे दोन प्रश्न मुलांकडून मोठ्याने विचारून घ्या.

इंटरनेट कमी असेल तर

फेटचे आजचे प्रयोग एकेका फाइलमध्ये उतरवता येतात आणि साध्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतात. विकिपीडियासाठी किविक्स: आधी किविक्सचं ॲप टाकायचं, मग 'झिम' प्रकारची फाइल उतरवायची आणि ॲपमध्ये उघडायची. पूर्ण इंग्रजी विकिपीडिया चित्रांसह शंभर जीबीच्या वर जातो, म्हणून विषयवार छोटे संग्रह किंवा चित्रांविना आवृत्ती घ्या.

पेन ड्राइव्हवर अशी मोठी फाइल टाकताना कधीकधी ती मावत नाही असा संदेश येतो, प्रत्यक्षात जागा भरपूर असते. ड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. ड्राइव्हमधला मजकूर दुसरीकडे काढून तो 'एक्सफॅट' मध्ये फॉरमॅट करा, काम होतं. वर्गातल्या सगळ्यांसाठी एका संगणकावरून धडे द्यायचे असतील तर कोलिब्री बघा. एका यंत्रावर साहित्य उतरवलं की त्याच वायफायवरचे बाकीचे फोन इंटरनेटशिवाय ते वापरू शकतात.

घरात

अनेक वेबसाइट तेरा वर्षांखालच्या मुलांना स्वतंत्र खातं देत नाहीत किंवा पालकांची परवानगी मागतात. याच्या मुळाशी अमेरिकेतला १९९८ चा मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेचा कायदा आहे. वय वाढवून खातं काढू नका. मोठ्यांच्या खात्यावर मुलांसाठीची सुरक्षा लागू होत नाही.

अभ्यासासाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल तयार करा. त्यात फक्त निवडलेल्या दोन-तीन वेबसाइट बुकमार्क करून ठेवा. रोज नाव टाकून शोधलं की वर जाहिरातीतली नकली पानं येतात, बुकमार्कने ते टळतं. व्हिडिओ आपोआप पुढचा लागण्याची सोय बंद करा, सूचना बंद करा.

वेळ वीस ते पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस, शेजारी वही उघडी. संपल्यावर 'किती झालं' असं विचारू नका. 'आज काय चुकलं आणि मग ते कसं जमलं' हे विचारा. 'काहीच चुकलं नाही' असं उत्तर सलग तीन दिवस आलं तर पातळी फार सोपी आहे, वर चढवा. दहापैकी निम्मे प्रश्न चुकत असतील तर खाली या.

महिन्याभराने वही आणि वेबसाइट शेजारी ठेवून बघा. बिल्ले आणि तारे वाढलेत पण वहीत काही नाही, किंवा मूल तेच सोपे धडे पुन्हा करतंय, तर ती वेबसाइट थांबवा. खातं बंद करण्याआधी मुलाचं काम उतरवून घ्या: स्क्रॅचचा प्रकल्प 'एसबी३' फाइल म्हणून संगणकावर जतन होतो, जिओजेब्राचीही फाइल मिळते. मग खातं नुसतं सोडून न देता सेटिंगमध्ये जाऊन पुसा, आणि बुकमार्कही काढा.